शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट: दुर्घटना आणि संतचरित्र पडद्यावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: खऱ्या दुर्घटनेवर किंवा संतचरित्रावर पटकथा लिहायची तर मूळ घटनेपासून किती लांब जाता येतं, चमत्कार दाखवायचे की गाळायचे, मरण किती दाखवायचं, आणि पुढे कोर्टकचेरी होऊ नये म्हणून आधी काय करून ठेवायचं?

दोन्ही विषय एकत्र विचारलेत ते बरं झालं. भूकंपावरचा चित्रपट असो की तुकोबांवरचा, लेखकाची अडचण एकच असते. तिकीट काढून बसलेल्या माणसाला शेवट आधीच ठाऊक असतो. गाव पडणार, तुकोबा वैकुंठाला जाणार. ‘आता काय होईल’ या दोरीवर बाकीचे चित्रपट चालतात, ती दोरी इथे हातात नसते. हातात उरतं ते एवढंच, की प्रसंग कुणाच्या जागेवरून दाखवायचा आणि कॅमेरा तिथे किती वेळ थांबवायचा. उदाहरणासाठी तुकोबांचंच चरित्र धरू, कारण त्यात दुष्काळ आहे आणि नदीत तरलेल्या वह्याही आहेत. झटक्यात येणाऱ्या आपत्तीसाठी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप घेऊ.

सुरुवात कागदपत्रांपासून. पटकथेला हात लावण्याआधी प्रत्येक प्रसंगाची एक नोंद करा: प्रसंग काय, तो कुठून मिळाला, तो स्रोत घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला गेला, आणि त्यावर कोण हरकत घेऊ शकेल. तुकोबांच्या बाबतीत स्रोतांची उतरंड स्पष्ट आहे. सगळ्यात वर त्यांचे स्वतःचे अभंग. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनीच सांगितलंय, यापेक्षा थेट साक्ष मिळायची नाही. त्याखाली समकालीन: तुकोबांचा देहूतला विरोधक मंबाजी याचा छळ स्वतः सोसलेल्या संत बहिणाबाई, आणि आधी विरोधात असलेले, मग शिष्य झालेले रामेश्वरभट्ट. त्याखाली संतचरित्रकार महिपती. त्यांचं ‘भक्तलीलामृत’ १७७४चं, म्हणजे तुकोबांच्या निर्वाणानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी लिहिलेलं. त्याखाली कीर्तनपरंपरा आणि कॅलेंडरवरची चित्रं. सगळ्यात शेवटी तुमची कल्पना. चित्रपट पडतो तो कल्पना वापरली म्हणून नाही. खालच्या पायरीवरची गोष्ट वरच्या पायरीच्या थाटात सांगितली की पडतो.

दुर्घटनेसाठी हीच उतरंड पंचनामा, फिर्याद, शवविच्छेदनाचा अहवाल, चौकशी आयोगाचा अहवाल, न्यायालयाचं निकालपत्र, मग साक्षीदार, मग वर्तमानपत्र अशी लावा. पहिल्या तीन दिवसांच्या वर्तमानपत्रांतले आकडे वापरू नका, ते पुढे बदलतातच. त्या अंकांचा उपयोग वेगळा आहे: त्या दिवशी भाव काय होते, कुठली गाडी उशिरा आली, कोणता सिनेमा लागला होता, हे तिथेच सापडतं.

साक्षीदाराकडे पहिल्या भेटीत रेकॉर्डर नेऊ नका. दुसऱ्या भेटीत न्या, आणि ‘तुम्हाला कसं वाटलं’ हे विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर माणसाने तोवर वीस जणांना दिलेलं असतं आणि ते घोटून गुळगुळीत झालेलं असतं. त्यापेक्षा हातात काय होतं, पायात काय होतं, दाराची कडी आतून होती की बाहेरून, पहिला आवाज कोणत्या दिशेने आला, हे विचारा. दृश्य अशा उत्तरांतून बांधता येतं.

आता आपत्तीचा वेग. दुष्काळ संथ असतो, भूकंप झटक्याचा. दोघांना एकच पटकथा चालत नाही.

तुकोबांच्या काळचा दुष्काळ १६३० च्या आगेमागे पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० साली सुरतेहून आग्र्याला जाताना वाटेवरची उपासमार लिहून ठेवतो. शहाजहानच्या दरबारी बखरीतही दख्खन आणि गुजरातच्या या दुष्काळाचं वर्णन आहे. अशा आपत्तीला एक क्रम असतो: आधी धान्याचा भाव चढतो, मग उधारी बंद होते, मग बैल विकले जातात, मग पेरणीसाठी राखलेलं बी खाल्लं जातं, मग माणसं गाव सोडतात, आणि मरण अगदी शेवटी येतं. नवशिका लेखक या साखळीतली शेवटची कडी पहिल्यांदा दाखवतो: फुटलेली जमीन, आकाशाकडे पाहणारा म्हातारा, पाठीमागे सारंगी. मग पुढे चढायला जागाच उरत नाही. तुकोबा वाण्याचं दुकान चालवणारे, सावकारी घरातले. त्यांच्या घरात दुष्काळ तराजूतून दाखवता येतो. सुरुवातीला पारडं जमिनीला टेकतं, मग मापात हात आखडतो, मग गिऱ्हाईक भांडं ठेवून निघून जातं, आणि एक दिवस तराजू खुंटीवरून निघतच नाही. घरात कणगीच्या तळाला खराटा लागल्याचा आवाज. एवढ्यावर तुकोबांच्या पहिल्या पत्नी रखमाबाईंच्या मरणाला तीस सेकंद पुरतात. ‘अन्न अन्न’ हे शब्द तिच्या तोंडी घालू नका. ते प्रेक्षकाला पाठ आहेत, नटीने ओरडून म्हटले की वग सुरू होतो.

इथे एक व्यवहाराची अडचण. गर्दीसाठी बोलावलेले कलाकार खाऊनपिऊन सुखी असतात. गालाला काळं लावून भूक दिसत नाही, दिसतो मेकअप. म्हणून दुष्काळाची गर्दी लांबून, पाठमोरी, चालती दाखवावी, आणि जवळून दाखवायचे ते हात, पाय, भांडी. जनावरं लागत असतील तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती नसली तर सेन्सॉरकडे अर्ज अडकतो. गुरांची मढी संगणकावर करायची असली तरी तसं लेखी द्यावं लागतं. वारीवरचा चित्रपट असला तर रिंगणाचा अश्व आणि पालखीचे बैल हेही याच नियमात येतात.

दुष्काळानंतरचा प्रसंग पटकथेच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत उरकला जातो. महिपती सांगतात, की तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. पुढे त्याच नदीत त्यांना अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. एकच नदी, कागदांची दोन गाठोडी. पहिलं गाठोडं स्वतःच्या मनाने बुडवलं आणि ते वर आलं नाही. दुसरं लोकांनी बुडवायला लावलं आणि ते तरलं. पहिला प्रसंग नीट रचला, म्हणजे त्याच घाटावर, त्याच कोनातून, पाण्याच्या त्याच आवाजात, तर दुसऱ्याला कुठलाही दिव्य प्रकाश लागत नाही. प्रेक्षकाचं मन आपोआप जोड लावतं.

आता चमत्कार. दाखवायचा की नाही, हा प्रश्नच अर्धवट आहे. पडद्यावर चमत्कार चार तऱ्हांनी येतो: सगळ्यांना दिसणारी घटना म्हणून, एकाच भक्ताला दिसलेली गोष्ट म्हणून, नुसता परिणाम म्हणून, किंवा कुणीतरी कुणाला सांगितलेली कथा म्हणून. पैकी कोणती तऱ्हा घ्यायची ते पहिल्या वीस मिनिटांत ठरवून प्रेक्षकाला कळवावं लागतं, आणि मग मध्येच बदलता येत नाही. अर्धा चित्रपट वास्तववादी चालवून शेवटी आकाशातून फुलं टाकली की श्रद्धाळूही अवघडतो आणि नास्तिकही.

१९३६ साली प्रभातने केलेला ‘संत तुकाराम’ या बाबतीत अजून शाळेसारखा आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबा केलेला हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात चमत्कार बिनधास्त आहेत. शिवाजी महाराजांना पकडायला शत्रू येतो तेव्हा कीर्तनातल्या प्रत्येकात त्याला शिवाजीच दिसतो, आणि शेवटी विमान वर जातं. तरीही चित्रपट हलका होत नाही, कारण त्यात तुकोबांची दुसरी बायको जिजाई, म्हणजे आवली, आहे. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती पायताण हातात घेऊन देवळात शिरते. गौरी या नटीने केलेली ही आवली चुलीला, म्हशीला, पोरांच्या भुकेला बांधलेली आहे. चमत्काराला जमिनीवर धरून ठेवणारं वजन तीच. विमान उडताना आपण तुकोबांकडे कमी आणि खाली राहिलेल्या तिच्याकडे जास्त बघतो. चमत्कार लिहिताना आधी ठरवा, की त्यामुळे कुणाची पंचाईत होणार आहे. कुणाचीच होत नसेल तर तो प्रसंग नुसती रोषणाई ठरतो.

वह्यांचा प्रसंग जवळून पाहू. तुकोबांचेच शब्द आहेत: ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करितां’. निश्चक्र म्हणजे अन्नपाण्यावाचून. रामेश्वरभट्टांच्या नावावर असलेल्या आरतीत ‘तैसे हे तुकोबाचे अभंग उदकी रक्षिले’ असं आहे, आणि ती आरती सभागृहातल्या निम्म्या लोकांना पाठ असते. म्हणजे प्रसंग वरच्या दर्जाच्या स्रोतांत आहे, गाळता येणार नाही. चुकतं ते साहित्यात. कलाविभाग थर्मोकोलवर कापड गुंडाळून गाठोडं करतो, ते पाण्यावर बदकासारखं डुलतं, आणि प्रसंग तिथेच संपतो. हातकागद किती जड होतो ते एक ताव भिजवून पाहा. बाड भिजलं की फुगतं, कडा उकलतात, शिवणीचा दोरा आवळतो. काजळी आणि डिंकाची शाई पाण्यात सुटते. म्हणजे खरं नवल कागद वर येण्यात नाही, अक्षर टिकण्यात आहे. दोन इंचांवरून एक ओळ दाखवा: कागद सुरकुतलेला, पाणी निथळतंय, आणि अक्षर जागच्या जागी. या एका चौकटीसाठी बाडाच्या पाच-सहा प्रती कराव्या लागतात, कारण प्रत्येक टेकला कोरडं बाड लागतं, आणि टिकणाऱ्या अक्षरांच्या प्रतीला न विरघळणारी शाई लागते. दोन्ही प्रकारच्या प्रतींवर खूण करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी अक्षर वाहून जाईल आणि चमत्काराच्या उलट काहीतरी चित्रित होईल.

तेरा दिवस कसे दाखवायचे? सूर्य उगवला-मावळला, दाढी वाढली, हे सगळ्यांनी केलंय. शिळेवर उपाशी बसलेल्या तुकोबांऐवजी त्यांना पाहायला येणाऱ्यांची संख्या दाखवा. पहिल्या दिवशी गाव लोटतो, चौथ्या दिवशी पाच माणसं, नवव्या दिवशी एक कुत्रं. उपास मोजायला गर्दी ओसरण्यासारखं माप नाही.

देव किंवा प्रेषित दाखवायचाच नसेल, तर त्याचीही रीत आहे. १९७६च्या ‘द मेसेज’ या इस्लामच्या उदयावरच्या चित्रपटात प्रेषित महंमद एकदाही दिसत नाहीत, त्यांचा आवाजही नाही. माणसं थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात आणि कॅमेराच त्यांची जागा घेतो. १९५९च्या ‘बेन-हर’मध्ये ख्रिस्ताचा चेहरा दाखवलेला नाही, त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे चेहरे आहेत. हिंदू कथेत देव दाखवायला बंदी नाही, उलट फाळक्यांपासून ती आपली मुख्य वाट आहे. पण तिचा एक परिणाम लक्षात ठेवावा. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत आणि पडद्याला ओवाळत. मूर्तीसारखी समोरून, मधोमध, स्थिर चौकट धरली की सिनेमा दर्शन होतो. तुम्हाला दर्शन हवं असेल तर ती धरा. माणूस हवा असेल तर कॅमेरा बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि कपाळावरचा प्रकाश काढून टाका.

काळाच्या चुका लवकर उरकतो, कारण त्या टाळणं सोपं आहे आणि तरी दर वेळी होतात. सतराव्या शतकाच्या कीर्तनात पेटी नको, ती एकोणिसाव्या शतकातली. टाळ, वीणा, मृदंग एवढंच. बटाटा नको, चहा नको, रॉकेलची चिमणी नको. गंध लावायचं ते गोपीचंदनाचं, उभं, आणि त्यावर बुक्का. कुंकवाचा गोल टिळा लावलेला वारकरी पाहून पंढरपुरात लोक हसतात. तुळशीची माळ मेकअपच्या पेटीतून काढून नटाच्या गळ्यात टाकू नका. वारकऱ्यासाठी माळ घालणं म्हणजे व्रत घेणं आहे, सेटवर ती जेवणाच्या ताटाशेजारी पडलेली दिसली तर बातमी होते. इंद्रायणी आज इंद्रायणीवर चित्रित करणं कठीण आहे: जलपर्णी आणि फेस. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, भारतात आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्यामुळे ती चौकटीत आली की काळ मोडला. वरच्या अंगाला, मावळात, स्वच्छ पात्र शोधा.

झटक्याच्या आपत्तीत वेगळ्याच चुका होतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक दमून झोपले होते. यावर दृश्य लिहायला बसलं की पहिला मोह होतो कॅमेरा हलवण्याचा. हलवू नका. हलणारा कॅमेरा म्हणजे कॅमेरामन हलला, एवढंच कळतं. जमीन हलली हे स्थिर चौकटीत वस्तू हलल्या की कळतं: खुंटीवरचा कंदील, घागरीतल्या पाण्याची कडा, दावणीची साखळी. जनावरं आधी उठतात.

दुसरा मुद्दा कारणाचा. त्या गावांत माणसं मेली ती घरांमुळे. भिंती दोन फूट नि त्याहून जाड, ओबडधोबड दगड मातीत रचलेले, आतला-बाहेरचा पदर एकमेकांत न गुंतवलेला. वर माळवद: तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, पाऊस झिरपू नये म्हणून वर्षानुवर्षं वाढवलेला. उन्हाळ्यात थंड राहणारं हेच घर हादरलं तेव्हा दगड दोन्ही बाजूंना सुटले आणि वरची माती खाली आली. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला नि भिंती ढासळल्या. पटकथेत याचा उपयोग असा: पहिल्या भागात कुणीतरी पावसाळ्याआधी माळवदावर मातीच्या पाट्या चढवताना दाखवा. साधं घरकाम. कुणी संवाद म्हणायची गरज नाही. १९९२ मध्ये त्या भागात छोटे धक्के बसले होते, लोक काही दिवस बाहेर झोपले आणि मग पुन्हा आत गेले. हा धागाही ‘पूर्वसूचना’ म्हणून न वाजवता सवयीसारखा ठेवा. भूकंपाच्या दृश्यात मग ढिगारे, आग, स्फोट लागत नाहीत. लागते ती धूळ आणि धुळीतली शांतता. या दृश्याचा ध्वनी लिहून ठेवा: पहिले काही क्षण घरघर, मग कोसळणं, मग जवळजवळ काहीच नाही, मग खालून आवाज. अंधार पूर्ण. उजाडेपर्यंतचा वेळ हाच त्या चित्रपटाचा मध्य आहे.

मृतदेह किती दाखवायचे यावर जगभर वाद झालाय, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फक्त एका कॅमेराचालीचं आहे. १९६०च्या ‘कापो’ या छळछावणीवरच्या चित्रपटात एक बाई विजेच्या काटेरी तारेवर झेप घेऊन मरते, आणि कॅमेरा पुढे सरकत तिचा उंचावलेला हात चौकटीच्या कोपऱ्यात नेमका बसवतो. फ्रेंच समीक्षक जाक रिव्हेत यांनी १९६१ साली त्या सरकण्याची निर्भर्त्सना करणारा लेख लिहिला: मरणाची चौकट सुंदर करण्यासाठी पुढे जाणारा माणूस तिरस्कारालाच पात्र. टीका कडक आहे, पण कसोटी म्हणून ती कामाची आहे. मरणाच्या दृश्यात कॅमेरा हलत असेल तर तो का हलतोय ते एका वाक्यात लिहून दाखवा. ‘छान दिसेल’ हे उत्तर आलं तर ट्रॉलीचे रूळ उचला. उलट टोकाला ज्यूंच्या संहारावरचा १९८५चा ‘शोआ’ हा माहितीपट आहे: नऊ तासांहून मोठा, आणि त्यात जुन्या चित्रफितीचा एक तुकडा नाही. फक्त साक्षीदार आणि आजच्या रिकाम्या जागा. प्रत्येकाने तसंच करावं असं नाही. पण मृतदेह न दाखवताही चित्रपट नऊ तास धरून ठेवता येतो, हे निर्मात्याला सांगायला तो उपयोगी पडतो.

नावं आणि मिश्र पात्रं. पाच माणसांचं काम एकात ओतणं चालतं. प्रभातच्या चित्रपटात छळाचा भार सालोमालो या खलपात्रावर आहे. मंबाजीचं काम बरंचसं त्याच्याकडे गेलंय, आणि सालोमालो हे नाव तुकोबांच्या अभंगांतच येतं, त्यामुळे ते उपरं वाटत नाही. एक पथ्य पाळा: मिश्र पात्राला खऱ्या माणसाचं नाव देऊन सिद्ध न झालेलं कृत्य त्याच्या माथी मारू नका. १९९७च्या ‘टायटॅनिक’मध्ये जहाजाचा पहिला अधिकारी विल्यम मर्डोक प्रवाशांवर गोळ्या झाडतो आणि मग स्वतःवर. याला पुरावा नव्हता. स्कॉटलंडमधल्या त्याच्या डालबीटी गावातून आणि नातलगांकडून निषेध झाला, स्टुडिओला जाऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि गावच्या शाळेतल्या मर्डोक स्मृतिनिधीला ५,००० पौंड द्यावे लागले. पात्राचं नाव बदललं असतं, हुद्दा नुसता ‘एक अधिकारी’ ठेवला असता, तर दृश्य तेवढंच भिडलं असतं.

‘यातील सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी कुठून आली तेही माहीत असावं. रासपुतीनवरच्या १९३२ सालच्या हॉलिवूडपटाविरुद्ध रशियन राजकन्या इरीना युसुपोव्ह यांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा जिंकला, २५,००० पौंड भरपाई मिळाली, आणि तेव्हापासून स्टुडिओ ही पाटी लावू लागले. पण खरी तारीख, खरं गाव, खरा हुद्दा दाखवून वर ही पाटी लावली तर न्यायालय तिला ढाल मानेलच असं नाही. प्रामाणिक पाटी जास्त टिकते: ‘घटना खरी, अमुक पात्रं मिश्र, संवाद कल्पित’.

कायद्याचं तेवढ्यापुरतं. १९९४च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सार्वजनिक नोंदीत आलेल्या गोष्टींवर लिहायला संबंधिताची परवानगी लागत नाही. नोंदीपलीकडच्या खासगी आयुष्यात शिरलात तर लागते. मग कुटुंबाशी करार कशासाठी? त्यातून तुम्ही पत्रं, फोटो, आठवणी आणि ‘पुढे दावा करणार नाही’ हे वचन विकत घेता. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गाव, शाळा, नात्यांची रचना यावरून ओळख पटत असेल तरी. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आता २९९. त्यात हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने, असं म्हटलंय, आणि तुमची स्रोतांची वही इथेच कामाला येते. मृत माणसाचीही बदनामी होऊ शकते, हेही कायद्यात आहे. खटला चालू असेल तर आणखी जपा: १२ मार्च १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ काही आरोपींच्या अर्जामुळे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाच्या निकालापर्यंत अडला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लागला. निर्मात्याला हे पहिल्याच बैठकीत सांगा, कारण व्याज त्याला भरायचंय.

सेन्सॉरकडे २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या, प्रमाणपत्राचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. शाळांना दाखवायचा संतपट असेल तर मारहाणीचं दृश्य लिहितानाच हे डोक्यात ठेवा. अर्जासोबत स्रोतांच्या नोंदी जोडलेली पटकथा तयार असली तर परीक्षण समितीच्या प्रश्नांना पानासकट उत्तर देता येतं. संस्थान, दिंडीप्रमुख, गावकरी यांना पटकथा वाचून दाखवावी का? मत विचारायला दाखवा, मंजुरी मागायला दाखवू नका. एकदा मंजुरीचा शब्द वापरला की प्रत्येक संवादावर सह्या लागतात. बदल स्वीकारलात तर का, नाकारलात तर का, हे त्याच बैठकीत सांगून टाका.

शेवटच्या पाट्या. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्त्यांची, मोकळी, आणि जुने शेजार विस्कटलेली. अशी माहिती संवादात कोंबू नका, पाटीवर द्या. एका पाटीवर वीस-पंचवीस शब्द, त्याहून जास्त नको. वेळ ठरवताना ती स्वतः मोठ्याने दोनदा वाचा, तेवढी सेकंदं. मृतांची नावं द्यायची असतील तर घरोघरी जाऊन लेखन तपासून घ्या, कारण सरकारी यादीत आडनावं हमखास चुकलेली असतात. क्रम गाववार आणि गावात बाराखडीप्रमाणे लावा. वय घालायचं तर सगळ्यांचं घाला, एकाचं राहिलं तरी कुणाचंच नको. नावं खालून वर सरकवण्याऐवजी पाटीमागून पाटी बदला, म्हणजे आपल्या माणसाचं नाव शोधणाऱ्याला ते सापडेपर्यंत स्थिर राहील. आणि तोवर सभागृहातले दिवे लावू नयेत, अशी लेखी सूचना वितरकामार्फत प्रत्येक थिएटरला पाठवा.